उजेड लागलेली वाळू

अभ्रक आमच्याकडे सापडत नाही. नगर जिल्ह्यात कुठेही खणा, काळी माती, मुरूम आणि खाली काळा दगड. हे मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. म्हणून जानेवारीतल्या त्या दुपारी कॉलेजच्या गच्चीवर, माती वाळवायच्या ट्रेच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं तेव्हा मी आधी चष्मा पुसला. मग बोट फिरवलं. बोटाला चंदेरी, बारीक पापुद्रे चिकटले.

ती वाळू कुठली हे ओळखायला मला क्षणही लागला नाही. हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यातून सप्टेंबरात आम्हीच ती आणली होती, माझ्या विद्यार्थिनीच्या पीएच.डी.साठी. ती ट्रेमध्ये यायचं काही कारण नव्हतं. ती उजेडातच यायला नको होती. मी तिथेच पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले.

मी भूगोल शिकवते. त्यातही हिमनद्या आणि हिमयुग. नगरसारख्या ठिकाणी हिमनद्या शिकवणं म्हणजे काय हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या वर्गातल्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीवर आणि लग्नातल्या मठ्ठ्यात. मी दर वर्षी बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणवते, तिच्या खालच्या बाजूला खडे गोठवून घेते आणि ओल्या मातीच्या पाटावरून ओढते. मातीवर चरे उमटतात. लादीच्या तोंडाशी मातीचा, खड्यांचा बांध साठतो. बर्फ वितळून जातो, बांध राहतो. "हा हिमोढ," मी सांगते. "हिमनदी जाते, हिमोढ राहतो. त्यावरून ती कुठवर आली होती ते कळतं." मुलं मान डोलावतात आणि मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" तिथून पुढे माझा आवाज चढतो तो तास संपेपर्यंत.

माझा राग कॉलेजात प्रसिद्ध आहे. तो मी लपवत नाही, उलट बरीच वर्षं मला त्याचा थोडा अभिमानच होता. आमच्या विभागाच्या मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, त्याचा सगळ्यात जास्त प्रसाद मिळालेला आहे. केडगावहून सायकलवर येणारा हा माणूस माझ्याआधीपासून विभागात आहे. काही वर्षांपूर्वी मुळा नदीच्या काठची माती पिशव्यांत तशीच ओली राहिली आणि तिला बुरशी आली. मी त्यांना सगळ्या वर्गासमोर झापलं. "मामा, नमुना आला की त्याच दिवशी गच्चीवर! मी असो वा नसो. पुन्हा सांगणार नाही." तेव्हापासून नमुना आला की मामा तो लगेच ट्रेमध्ये पसरतात, त्यावर नावाची चिठ्ठी ठेवतात आणि चिठ्ठीवर खडा. एकदाही चुकले नाहीत.

विद्यार्थिनी पाथर्डी तालुक्यातली. वडील पाथर्डी–नगर रस्त्यावर जीप चालवतात. ती माझ्याकडे बी.ए.ला असल्यापासून होती. लादी ओढल्यावर सगळे हसत होते तेव्हा ही पाटापाशी उकिडवी बसून चऱ्यांची दिशा बघत होती. पुढे तिने पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा तिचे वडील सावेडीला माझ्या घरी येऊन गेले. "मॅडम, तुमी संगं हाय म्हनून पाठवतो बगा डोंगरात," एवढंच म्हणाले. चहाही अर्धाच प्याले.

तिचा विषय मी माझ्या जुन्या खोऱ्यातलाच दिला होता. त्या खोऱ्यात एक हिमोढ आहे, खूप उंच नाही, गावच्या बंधाऱ्याएवढा. पंधरा वर्षांपूर्वी मी त्यावर निबंध लिहिला होता की तो अगदी अलीकडचा, काही शे वर्षांपूर्वीच्या थंडीतला आहे. तो निबंध पुष्कळांनी आधाराला घेतला. माझं जे काही नाव आहे ते त्यावर आहे. आणि ही मुलगी पहिल्याच वर्षी त्या बांधावर उभी राहून मला म्हणाली, "मॅडम, रागावणार नसलात तर बोलते. हा एवढा नवा नाही वाटत."

मी रागावलेच. पण तिने मला एकेका धोंड्यापाशी नेलं. धोंडे वरून कुजले होते, नखाने भुगा पडत होता. "काही शे वर्षांत एवढं कुजेल का? मला तर हा हिमयुगातला वाटतो. हजारो वर्षं जुना." दोन उन्हाळे तिने शेकडो धोंडे मोजले, कुजलेला थर किती जाड ते लिहून घेतलं. त्याचं चौथं प्रकरण झालं, प्रबंधातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चांगलं.

पण धोंडे पुरावा म्हणून पुरत नाहीत, वय मोजावं लागतं. त्याची रीत अशी: वाळूचा कण जमिनीत अंधारात पडून राहतो तितका काळ त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती काही क्षणांत निघून जाते. प्रयोगशाळेत ती साठलेली ऊर्जा मोजतात आणि कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते काढतात. त्यामुळे नमुना घेताना काळी ताडपत्री पांघरून, थरात लोखंडी नळी ठोकायची, आतल्या आत तोंडं काळ्या टेपने बंद करायची, आणि प्रयोगशाळेतल्या लाल दिव्याखालीच उघडायची. आम्ही अशा बारा नळ्या आणल्या. शेवटच्या चार त्या हिमोढातल्या, म्हणून पत्र्याच्या पेटीत सगळ्यात वर.

नगरला पोचल्यावर ती पाथर्डीची एसटी धरून घरी गेली. मी पेटी विभागात टेकवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच बाहेरगावी परीक्षेच्या कामाला गेले. मामांना काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे हे डोक्यातच आलं नाही.

त्या जानेवारीच्या दुपारी मी मामांना गच्चीवर बोलावलं आणि बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. मला ओरडावंही लागलं नाही.

"मॅडम, तुमचा नियम हाय ना. आलं की वाळवायचं. म्या वरच्या चार नळ्या फोडल्या, पसरल्या. धा-पंधरा मिन्टं झाली असतील, आभाळ हुतं. तेवढ्यात ताईंचा फोन आला. म्हनल्या, मामा पेटीला हात लावू नका, उजेड लागला तर समदं वाया जाईल."

"मग?"

"मग काय, परत भरल्या. दांडक्यानं ठासून भरल्या. टेप लावली. ताईंना न्हाई सांगितलं."

"मला का नाही सांगितलंत?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. "तुमी वरडला असता," ते म्हणाले.

बारा नळ्या घेऊन मुलगी डिसेंबरातच परराज्यातल्या प्रयोगशाळेत गेली होती. खोऱ्याचा रस्ता बर्फाने बंद झालेला, तो जूनशिवाय उघडत नाही. आणि जूनमध्येच तिची मुदत संपत होती. एकदा वाढवून मिळालेली मुदत, पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. प्रबंध वेळेत गेला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. "बघते मी," मी मामांना म्हणाले. "तुम्ही कुणाला बोलू नका." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. माझी मूठ त्या क्षणी झाकली गेली.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. नेहमीप्रमाणे भरभर बोलत होती. खोलीत लाल दिवा असतो, बाहेर आलं की सगळं हिरवं दिसतं, मेसमध्ये रोज बटाटा. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं होतं, कारण आता आधी दोन दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तिथले लोक हुशार आहेत, त्यांना कळेलच. मामांची नोकरी संपायला थोडीच वर्षं राहिलीत. आभाळ होतं, थर जाड होता, खालच्या कणांना उजेड लागलाही नसेल. एकेक कारण खरं होतं. पण सकाळी स्कूटरवरून कॉलेजला जाताना सिग्नलला थांबलं की त्यांतलं एकही टिकायचं नाही. खरं कारण मला माहीत होतं. उजेड लागलेल्या वाळूचं वय कमी येतं. वय कमी आलं की हिमोढ नवा ठरतो. हिमोढ नवा ठरला की पंधरा वर्षांपूर्वीची मी बरोबर ठरते.

पंधरा दिवसांनी तिने सांगितलं, "मॅडम, गंमत होतेय. वरच्या चार नळ्यांत कणाकणाचं वय वेगळं येतंय. काही फार जुने, काही अगदी अलीकडचे."

मी विचारलं, "मग ते काय म्हणतात?"

"म्हणतात, हिमनदीच्या वाळूत असं होतंच. बर्फाखालून आलेल्या सगळ्या कणांना नीट ऊन लागलेलं नसतं, ते उगाच म्हातारे दिसतात. म्हणून सगळ्यात तरुण कण खरे धरायचे."

हे बरोबरच होतं. जगभर असंच करतात, मी वर्गात असंच शिकवते. पण इथे तरुण कण आमच्या गच्चीवर तरुण झाले होते. प्रयोगशाळेला कळेल ही माझी शेवटची आशा होती, आणि रीतच अशी होती की चूक तिच्यात बेमालूम बसली. आता हे जाणणारी माणसं जगात दोनच होती, मी आणि मामा.

फेब्रुवारीत निकाल आला. काही शे वर्षं. तिचा आवाज बारीक झाला होता. "मॅडम, तुमचंच बरोबर निघालं."

आणि मी, खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. एक क्षण अगदी मनापासून बरं वाटलं. "विज्ञानात असं होतं," मी म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस." ही दोन वाक्यं मी आयुष्यात बोललेली सगळ्यात वाईट वाक्यं आहेत.

मार्चमध्ये प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण आमच्याच विभागात झालं. बाहेरून दोन प्राध्यापक आले होते, एक वयस्कर, एक तरुण. मुलगी निळी साडी नेसून आली होती, वडील खाली जीपपाशी थांबले होते. मी पहिल्या रांगेत.

तिने सगळं नीट मांडलं. मग हिमोढाचा फोटो लावला आणि म्हणाली, "हा हिमोढ हिमयुगातला असावा असं मला सुरुवातीला वाटलं होतं. मोजलेल्या वयाने ते चूक ठरलं. त्यामुळे धोंड्यांवरचं चौथं प्रकरण मी प्रबंधातून काढून टाकलं आहे."

मला ते माहीत नव्हतं. तिने मला विचारलं नव्हतं. गुरूचं बरोबर ठरल्यावर विचारायचं काय राहतं?

वयस्कर प्राध्यापकांनी पानं चाळली. "पण तुमच्या जुन्या अहवालात हे धोंडे इतके कुजलेले आहेत. वय कमी असेल तर हे कसं झालं?"

तिने फोटोकडे पाहिलं. "सर, माझं निरीक्षण चुकलं असेल. मी आमच्याकडचा काळा दगड बघत वाढले. तिकडचा दगड मला कळला नसेल."

जो दगड मला पंधरा वर्षांत कळला नव्हता तो तिला पहिल्या वर्षी दिसला होता, आणि ती चार लोकांसमोर स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत होती. मामा तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन दारात आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी उठले.

"तिचं निरीक्षण चुकलेलं नाही," मी म्हणाले. "त्या चार नळ्या इथे गच्चीवर उघडल्या गेल्या होत्या. वाळूला उजेड लागला होता. ही वयं धरता येणार नाहीत."

मग मामा दारातून म्हणाले, "साहेब, म्या उघडल्या. माजी चूक हाय. मॅडमचा न्हाई दोष."

"मामांनी माझा नियम पाळला," मी म्हणाले. "पेटीबद्दल त्यांना काही सांगायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

तरुण प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला आत्ता कळलं?"

मुलगीही माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी 'हो' म्हणता आलं असतं. मामांनीही मान डोलावली असती.

"जानेवारीत," मी म्हणाले.

तिने काही बोटं वगैरे मोजली नाहीत, पण ती मोजते आहे हे मला दिसत होतं. जानेवारीतले फोन, कणांची गंमत, निकालाची संध्याकाळ. तिने हातातला पॉइंटर बंद केला आणि टेबलावर ठेवला.

समितीने अर्धा तास दार लावून चर्चा केली. प्रबंध आत्ता देता येणार नाही. एक शेवटची मुदतवाढ द्यावी अशी शिफारस करतो, पण विद्यापीठ मानेल का ते सांगता येत नाही. चौथं प्रकरण परत घालावं. उन्हाळ्यात नवे नमुने घ्यावेत. वयस्कर प्राध्यापक निघताना माझ्याशी बोलले नाहीत. मला ते रास्त वाटलं.

ती बाहेर जिन्यात उभी होती. मी म्हटलं, "तुझं वर्ष मी घालवलं."

"वर्षाचं नाही एवढं, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही ओरडायच्या त्याचंही कधी वाईट नाही वाटलं. पण निकाल आल्यापासून मला कशाचीच खात्री वाटेना. रस्त्याकडेचा दगड बघितला तरी वाटायचं, मला जे दिसतंय ते खरंय का? घरी सांगितलं, मला हे जमत नाही, मी सोडते. अप्पा म्हणाले, मॅडमना विचार. आणि तुम्हाला माहीत होतं."

खालून जीपचा हॉर्न वाजला. ती जिना उतरून गेली.

आठ दिवसांनी ती आली. तोवर मी कुलगुरूंना मुदतवाढीसाठी पत्र लिहिलं होतं, प्रयोगशाळेला कळवलं होतं, आणि ज्या मासिकात माझा जुना निबंध आला होता त्यांनाही, की त्या हिमोढाचं वय पुन्हा तपासावं लागेल. मामा पेटीवर खडूने मोठ्या अक्षरात 'उघडू नये' लिहून बसले होते, रिकाम्या पेटीवर. मला वाटलं होतं की हे सगळं तिला दाखवावं. ती बसली नाही. तिने पिशवीतून एक छापील अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज. पुण्याच्या एका प्राध्यापकांची संमती जोडलेली होती. नाव, नोंदणी क्रमांक, विषय, सगळं तिच्या सुवाच्य अक्षरात भरलेलं. एकच रकाना मोकळा होता, कारणाचा.

"हे राहिलंय," मी म्हणाले.

"ते तुम्ही लिहा, मॅडम."

मी पेन उघडलं. जागा एकाच ओळीची होती. मी लिहिलं, 'शैक्षणिक कारणास्तव.' अर्ज तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचला, पण हात लावला नाही. तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी रागाने उत्तर दिलं असतं, ते मला येतं. ती नुसती थांबली होती, नळी ठोकून झाल्यावर टेप लागेपर्यंत ताडपत्रीखाली थांबायची तशी.

मी ते दोन शब्द खोडले. वर लिहिलं, 'नमुन्यांना उजेड लागल्याचे मार्गदर्शकास माहीत होते. त्यांनी ते विद्यार्थिनीपासून दोन महिने लपवून ठेवले.' ओळ पुरली नाही. दुसरं वाक्य खालच्या, 'कार्यालयीन उपयोगासाठी' छापलेल्या चौकटीत गेलं.

तिने अर्ज उचलला, सावकाश वाचला, आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

"सही राहिली, मॅडम," ती म्हणाली.